निळ्या गाडीवरचे बोअरचे ठिपके

जबाब

नाव: प्रेमलता. वडिलांचे नाव: दादाजी कळंबे. वय: ४९. व्यवसाय: संत्र्याच्या कलमांची नर्सरी. राहणार: रामाकोना रोड, सौंसर, जिल्हा पांढुर्णा. जबाबाचा दिवस: गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५.

मी पोलीस थान्यात समक्ष हजर राहून सांगते की, वर लिहिलेला पत्ता माझा असून तिथे मी एकटी राहते. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला पतीचे नाव विचारले. मी म्हटलं, वडिलांचे लिहा. ते म्हणाले, लग्न झालेल्या बाईचे पतीचेच लिहावे लागते. मी म्हटलं, त्या माणसाचे घर सोडून मला वीस-बावीस वर्षे झाली, त्याने दुसरी केली, त्याची पोरं कॉलेजात गेली, आता त्याचे नाव माझ्या कागदावर कायले पाहिजे? मग हवालदारांनी वडिलांचे लिहिले. हे मी सुरुवातीलाच सांगून राहिली, कारण पुढचे सगळे यावरूनच झाले आहे.

थान्याच्या मोठ्या साहेबांनी मला आधी परत पाठवायला पाहिले. ते म्हणाले, बाई, गाडी तुमच्या ताब्यात आहे, तिला ओरखडा नाही, पेट्रोलची टाकी भरून आली, मग रिपोर्ट कशाचा लिहायचा? मी म्हटलं, खोटं सांगून नेली त्याचा लिहा. ते म्हणाले, भाऊ आहे तुमचा, घरात बसून मिटवा. मी म्हटलं, साहेब, घरात बसवलं असतं तर इथे आली असती काय? तेव्हा त्यांनी हवालदारांना सांगितले की, लिहून घ्या, बाई बोलतात तसंच लिहा.

माझा भाऊ श्रीकांत माझ्याहून लहान असून पांढुर्ण्यात राहतो. त्याचे तिथे कापडाचे दुकान आहे. त्याची बायको सरला. त्यांना एकच मुलगी, अमृता, वय चोवीस. अमृताच्या बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितले. आत्यानेच सांगायचे असते, म्हणून सांगितले. नाव सांगितल्यावर बायांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत असे बुक्के घातले की मला दोन दिवस कुशीवर झोपता आले नाही. त्या वेळी मुलीला आत्या होती, हे तिथल्या सगळ्या बायांना माहीत आहे.

अमृता कॉलेजला सौंसरला होती तेव्हा तीन वर्षे माझ्याजवळ राहिली. कलमे बांधायला, गिऱ्हाईकाशी बोलायला, गाडी चालवायला ती माझ्याकडे शिकली. गाडी माझ्या नावावर आहे, सेकंड हँड घेतली, रंग गर्द निळा. गर्द रंगाच्या गाडीचे असे असते की तिच्यावर पाण्याचा डाग लगेच दिसतो. आता मी पाण्याचे सांगते. हवालदार म्हणाले, पाण्याचं काय लिहायचं, मुद्द्यावर या. मी म्हटलं, मुद्दा हाच आहे, लिहा.

आमच्या भागात बोअरचे पाणी जड आहे. चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर धरतो. नर्सरीत ते पाणी कोवळ्या पानांवर उडाले आणि वर ऊन लागले की पानांवर पांढरे ठिपके पडतात, शेंडे करपतात. म्हणून मी टिनाच्या छपरावरचे पावसाचे पाणी सिमेंटच्या टाकीत धरून ठेवते आणि कलमांना तेच देते. पानावर बसते तेच पत्र्यावर बसते, त्यामुळे गाडीलाही मी टाकीतलेच पाणी वापरते. बोअरच्या पाण्याने माझी गाडी कधी कोणी धुतलेली नाही.

गाडी उन्हात धुवायची नाही. सकाळी, लिंबाच्या सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना धुवायची. सगळी गाडी एकदम भिजवायची नाही. एक भाग ओला केला की पाणी वाळायच्या आत सुती कपड्याने पुसून घ्यायचा, मग दुसरा. वाळू दिले की पाणी उडून जाते आणि त्यातला चुना खाली बसतो, मग घासत बसा. वायपर उभे करून ठेवायचे, नाही तर त्यांच्या रबराखाली पाणी थांबते. आणि सगळ्यात शेवटी पेट्रोलच्या तोंडावरचे झाकण उघडून आतली कड कोरडी करायची. तिथे चमचाभर पाणी लपून बसते, गाडी हलली की बाहेर येते आणि पुसलेल्या गाडीवर ओघळ सोडते. हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

ही रीत मी एकाच माणसाला शिकवली, ती अमृता. रविवारी आम्ही दोघी गाडी धुवायचो. शेवटचे झाकण तिच्याकडे असायचे. ती म्हणायची, आत्या, एवढं तर कोणी नवरीलेही सजवत नाही. मी म्हणायची, तुझ्या लग्नात ही गाडी मीच चालवीन, तू मागे गुपचूप बसून राहशील, एक शब्द बोलू देणार नाही. हे आमचे ठरलेले होते. मस्करीत ठरले होते, पण ठरलेले होते.

गेल्या शनिवारी संध्याकाळी श्रीकांत बसने सौंसरला माझ्या घरी आला. त्याचे तोंड उतरलेले होते. तो म्हणाला, "ताई, सरलाच्या पोटात लय दुखून राहिलं. डॉक्टरनं खडा सांगितला. उद्या नागपूरले दाखवतो म्हणतो, पण बसमध्ये तिले बसवत नाही." मी म्हटलं, गाडी घेऊन मीच येते न पहाटे पांढुर्ण्याला, तू मागे तिच्याजवळ बस. तो म्हणाला, "तू कायले तकलीफ घेतं? रविवारी तुह्या नर्सरीत गिऱ्हाईक राहते." मला त्याचा विचार चांगला वाटला. मी चावी दिली, मागच्या सीटवर माझी मऊ उशी ठेवली, खड्डे पाहून चालव असे सांगितले आणि सरलासाठी अंबाडीची भाजी नको, भाताची पेज दे, असेही सांगितले. तो हो हो म्हणत होता.

रविवारी सकाळी मी शेडमध्ये कलमे बांधत असताना माझ्याकडे कामाला असलेली मालती फाटकावरून आत आली आणि म्हणाली, "बाई, आपली गाडी गेली न आत्ता रामाकोन्याकडं." मी म्हटलं, गाडी नागपूरला आहे, तू ऊन डोक्यात घेऊ नको. ती म्हणाली, "नंबर वाचता येते मले." मी तिला चिडून म्हटलं, निळ्या गाड्या दुनियेत एकच आहे काय? ती सुतळी घेऊन कामाला बसली. पांढुर्ण्याहून नागपूरला जायला सौंसरच्या पुढे रामाकोन्याकडे जायची काही गरज नाही, हे शेंबड्या पोराला समजते. मला समजले नाही, कारण माझा भाऊ होता. मालतीचे खरे होते. तिला मी काल तसे सांगितले.

रविवारी संध्याकाळी मी श्रीकांतला फोन केला. त्याने सांगितले, औषधाने खडा पडेल म्हणतात, घाबरायचे काम नाही. अमृताचा फोन लागला नाही. आईच्या दुखण्यात असेल, असे मी समजली.

मंगळवारी दुपार कलल्यावर श्रीकांत गाडी घेऊन आला. चावी टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, धुवून आणली." तो चहालाही थांबला नाही, बस पकडायची म्हणून गेला. श्रीकांतने आयुष्यात स्वतःची स्कूटर धुतलेली नाही. मी बाहेर जाऊन पाहिले तर छतावर, दारांवर, डिक्कीवर सगळीकडे पांढरे ठिपके. बोअरच्या पाण्याने भर उन्हात धुतली आणि तशीच वाळू दिली, हे लांबून दिसत होते. वायपर उभे होते, ते मी खाली केले. पेट्रोल पंपावरच्या कोणी काच पुसली असेल, असे मला वाटले. खरे सांगायचे तर तेव्हा मला राग फक्त ठिपक्यांचा आला. इतका आला की मी त्याला मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखे नाही.

बुधवारी, म्हणजे काल सकाळी, मी पाण्यात सिरका मिसळून ठिपके काढायला बसली. डिक्कीपासून सुरुवात केली, कारण पुढचा भाग मी नेहमी नंतर घेते. डिक्कीच्या काचेच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा सापडला, त्याखाली दोरा. दुसऱ्या कडेलाही तसाच. मग मी पुढे जाऊन पाहिले. समोरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि नंबर प्लेटच्या मागे, जिथे पाणी पोहोचत नाही, तिथे ओले होऊन वाळलेले कुंकू होते. पोटात खडा झालेल्या बाईला कोणी झेंडूच्या माळा लावून नागपूरला नेत नाही. मी सिरक्याची बादली तिथेच सोडली, हात धुतले आणि गाडी काढून पांढुर्ण्याला गेली.

श्रीकांतच्या घरी सरला ओसरीवर बसून बुंदीचे लाडू डब्यांत भरून राहिली होती. मला पाहून ती झटकन उठली. मी विचारले, खडा पडला काय? ती डबा तसाच सोडून आत गेली. श्रीकांत आला आणि म्हणाला, ताई, बस, पाणी पी. मी म्हटलं, पाण्याचंच विचारायले आली. कोणत्या पाण्यानं धुतली गाडी? तो म्हणाला, अंगणातल्या बोअरच्या. मी विचारले, कोणी धुतली? तो म्हणाला, मीच. मग मी विचारले की असे काय लागले होते गाडीला, जे धुवून काढल्याशिवाय मला देता येत नव्हते? तेव्हा तो खाली बसला.

त्याने जे सांगितले ते असे. रविवारी रामाकोन्याला एका लॉनवर अमृताचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. मुलगा ऋषिकेश, छिंदवाड्याचा, बँकेत आहे. श्रीकांत म्हणाला, "तुले लग्नाले बोलावणारच होतो, ताई. पण तिथं पोराच्या मामानं म्हटलं, सगळे जमलेच आहे तर दोनदा खर्च कायले, आजच लावून टाका. मग साक्षगंधातच लग्न लागलं." आमच्याकडे असे होते. अशा लग्नात मी स्वतः जेवली आहे आणि चांगले केले म्हणून त्या लोकांचे कौतुकही केले आहे. पण इथे त्याचा अर्थ असा झाला की, ज्या लग्नाला मला बोलावणार होते ते लग्न आता होणार नाही.

मी विचारले, साक्षगंधाला काऊन नाही बोलावलं? तो म्हणाला, "पोराच्या आईनं पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कोणी नवऱ्याले सोडून बसलेली बाई आहे का म्हणून. मी काय सांगू? सोयरीक चांगली होती. सांगून टाकलं, मुलीला आत्या नाही." मी विचारले, आणि गाडी? तो म्हणाला, "गाडी आपली म्हणून सांगितली. चांगली दिसते तुही गाडी." मी म्हटलं, म्हणजे गाडी आहे, आत्या नाही. तो म्हणाला, ताई, तू असं नको धरू.

मला रडू आले नाही. राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, शनिवारी ठेवलेल्या त्या उशीची. सख्ख्या भावाने मला जिवंतपणी मोजणीतून बाहेर काढले आणि मी पेजेचे सांगत बसली होती. माझ्या फाटकासमोरून माझ्याच गाडीत बसून माझी भाची लग्नाला गेली आणि मी आत कलमांना सुतळी गुंडाळत होती.

मी श्रीकांतला शेवटचे एकच विचारले, अमृताला हे माहीत होते काय? तो म्हणाला, "पोरीची शपथ, तिले काही माहीत नाही. तिले सांगितलं का आत्याले ताप हाये, डॉक्टरनं उठू दिलं नाही, म्हणून नुसती गाडी पाठवली." विदाई शुक्रवारची ठरली असल्याने अमृता घरातच होती. आतल्या खोलीचे दार लावलेले होते. आतून चुड्याचा आवाज आला आणि थांबला. मी दाराजवळ गेली नाही. नव्या नवरीसमोर तिच्या बापाला खोटे पाडायचे नव्हते. मी उंबऱ्यात उभी राहून, आत ऐकू जाईल असे, मोठ्याने म्हटलं, ताप उतरला बरं का आता, बरी आहे मी. मग निघून आली.

रस्त्याने मला तिचाच आधार होता. भाऊ गेला तर गेला, पोरीने तर काही केले नाही, असे मी स्वतःला सांगत आली. पण "मुलीला आत्या नाही" हे वाक्य डोक्यातून जाईना. ते चार पाहुण्यांसमोर बोललेले आहे. ते खोडायला मी कुठे पाहुणे जमवू? म्हणून आज मी थान्यात आली. सरकारच्या एका कागदावर तरी लिहून राहिले पाहिजे की आत्या आहे, अमुक ठिकाणी राहते, तिचे नाव हे. आल्याआल्या मी हेही सांगितले की पोरीला काही माहीत नव्हते, तिचे नाव रिपोर्टात ओढू नका.

इथे जबाब थांबवून हवालदारांनी थान्याच्या आवारात गाडी पाहिली. मी सोबत होती. पुढचे परत आत येऊन लिहिले आहे.

गाडी उन्हात उभी असल्याने ठिपके स्पष्ट दिसत होते. हवालदारांनी छत, चारही दारे आणि अर्धी पुसलेली डिक्की पाहिली. मग बॉनेटजवळ थांबून ते म्हणाले, इथं तर एकही डाग नाही, हे तुम्ही पुसलं का? मी म्हटलं, नाही, पुढे मी हात लावला नाही. बॉनेट कडेपर्यंत स्वच्छ होते. मी काल तिथे वाकून पाकळ्या काढल्या, पण माझे ध्यान जाळीकडे होते. मग त्यांनी टाकी भरल्याचे लिहायचे म्हणून पेट्रोलचे झाकण उघडायला सांगितले. मी आतून कळ ओढली. काल मी त्या झाकणापर्यंत पोहोचली नव्हती आणि टाकी भरलेली असल्याने पंपावरही गेली नव्हती.

झाकणाच्या आतली कड कोरडी होती. एक ठिपका नाही, एक ओघळ नाही. कपडा बोटाला गुंडाळून कोपऱ्यातून फिरवला की जशी होते तशी. आणि त्या कडेवर हळदीच्या अक्षता ठेवलेल्या होत्या, चिमूटभर. उडू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावलेली. तांदूळ कोरडे होते, म्हणजे गाडी धुवून, आतून पुसून झाल्यावर ठेवलेले. हवालदार म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, लग्नाच्या अक्षता.

त्या जागेचे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे. बॉनेट कोणी पुसले आणि वायपर कोणी उभे केले तेही मला समजले. मला तापाने फणफणलेली समजणारी पोर आत्याला फोन करते, तब्येत विचारते, अक्षता घेऊन घरी येते. बापाने झेंडूचा माग धुवून काढल्यावर झाकणाच्या आत चोरून ठेवत नाही. मला सांगितलेले नाही, हे तिला माहीत होते. तिथे आत्या नाही म्हणून सांगितले, तेही माहीत असेल. काल उंबऱ्यातून मी तापाचे खोटे बोलली, तेव्हा दारामागे ती ऐकत होती आणि ते खोटे आहे हेही तिला माहीत होते. तरी दार उघडले नाही.

हवालदार भले माणूस आहेत. ते म्हणाले, बाई, पोर घाबरली असेल, बापासमोर तिची काय बिशाद, तिनं आपल्या परीनं तुमचा वाटा तर ठेवला. मी त्यांना म्हटलं, झाकण उघडायला जमलं, फोन लावायला नाही जमलं? मी काय मांडवात पुढे बसून मान मागितला असता काय? मागच्या खुर्चीवर बसली असती, ओळख सांगितली नसती, गाडीची ड्रायव्हर आहे म्हटलं असतं. तेवढे तिने मला विचारायला पाहिजे होते. लग्न लागून गेल्यावर अक्षता म्हणजे नुसते तांदूळ. भावाने केले ते मी सहन करून राहिली होती. हे माझ्याच्याने होत नाही.

हवालदारांनी विचारले, अक्षता जप्त करून पाकिटात घ्यायच्या काय? मी नाही म्हटलं. मी झाकण लावून घेतले. पुढच्या वेळी पंपावरचा माणूस काढून टाकेल. उद्या शुक्रवारी विदाईची गाडी छिंदवाड्याला जायला माझ्या फाटकासमोरूनच जाईल. कोणाची गाडी आहे ते मला माहीत नाही. माझी नसेल. मी मालतीला उद्या सुट्टी दिली आहे.

भाऊ श्रीकांत याच्यावर गुन्हा लावावा अशी माझी मागणी नाही. त्याला बोलावून समज द्यायचीही गरज नाही, समज त्याला पुष्कळ आहे. अमृताला साक्षीसाठी बोलावू नये. गाडी मी अजून धुतलेली नाही. ठिपके जितके दिवस राहतील तितके दिवस राहू देणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला माझ्याच भाषेत हळूहळू वाचून दाखवला. मी बोलली तेच त्यात आहे, पदरचे काही घातलेले नाही. "पोरीला काही माहीत नव्हते" ही ओळ आता खोडायची काय, असे त्यांनी विचारले. मी म्हटलं, राहू द्या, सांगितली तेव्हा मी खरी समजूनच सांगितली होती. सहीखाली नाते लिहायची पद्धत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. माझ्या आग्रहावरून ते लिहिले आहे आणि ते बरोबर आहे.

सही
प्रेमलता दादाजी कळंबे
अमृताची आत्या